दोन दारांवरचा मारुती

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. वडीगोद्रीला रस्त्याकडेच्या नेटच्या पेटीपुढं काशीबाई ठाण मांडून बसली होती आणि कंपनीचा इंजिनिअर किल्ली घेऊन उभा होता. पेटीवरचा मारुती मी काढलेला. म्हणून दोघंही माझ्याकडंच बघून राह्यले होते.

पेटी म्हणजे दोन दारांचं लोखंडी कपाट. आत केसाएवढ्या काचेच्या तारा, त्यांना फायबर म्हणतात. गावाचं नेट अन् टॉवरची रेंज त्यातूनच येते. लोक पान खाऊन त्या पेटीवर थुंकायचे. म्हणून इंजिनिअरनं मला ऑर्डर दिल्ती, "काका, एखादा देव काढा. एकाच दारावर, लहानसा."

मी शाळा चौथीत सोडली, पण उभी हयात देवळं रंगवली. त्याला म्हणालो, "मारुती कोपऱ्यात बसत न्हाई." दोन्ही दारं मिळून उभा मारुती काढला. दारांची फट बराबर छातीच्या मधोमध आली.

आमच्या धंद्यात डोळे शेवटी काढतात. सकाळी अंघोळ करून, उपाशीपोटी. तोवर तो नुसता रंग. डोळे काढले की देव. मी बुबुळं काढून मागं सरकलो, तर समोरच्या घरातली काशीबाई नारळ घेऊन हजर. तेव्हापासून थुंकणं बंद. दर शनिवारी तेल, शेंदूर, रुईच्या पानांची माळ.

मंग एक दिवस नेट गेलं.

"आजी, दार उघडू द्या. आत तार तुटली."

"उघड की! देवाची छाती मधून फाड अन् आत हात घाल, मुडद्या!"

पुण्याला तिच्या सुनेला मुलगी झाल्ती. नातीचं तोंड व्हिडिओ कॉलवर बघायचं म्हणून काशीबाई सकाळपासून फोन हातात धरून होती. तरी उठेना.

इंजिनिअर मला म्हणाला, "काका, चित्र पुसा. चित्रच नसलं तर कोण अडवतंय? रंगच तर आहे."

"डोळे काढस्तोवर रंग होता. माझ्या हातानं मी पुसत न्हाई."

"मंग आम्ही पुसतो."

सरपंचानं काशीबाईला समजावून घरात नेलं. कंपनीच्या माणसांनी थिनर मारला. पहिले डोळे गेले. वर राखाडी रंग बसला. पेटी उघडली, तार जोडली, नेट आलं.

समोर काशीबाईचा फोन वाजला. वाजत राह्यला. तिनं उचलला न्हाई.

संध्याकाळी घरी ब्रश धुताना माझ्या ध्यानात आलं. मारुतीनं तर स्वतःच छाती उघडून राम दाखवला होता. दारांच्या आतल्या अंगाला मी राम-सीता काढले असते, तर पेटी उघडणं म्हणजे दर्शन झालं असतं. काशीबाईनंच किल्ली मागून घेतली असती. एका दिवसाचं काम, माझ्या हातातलं. सुचलं कधी, तर राखाडी रंग वाळल्यावर.

लहान मारुती मी आजही काढणार न्हाई. पण कुठंही देव काढायच्या आधी दार कुठून उघडतं ते बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिथं गेलो. राखाडी दारावर पानाची ताजी पिचकारी. काशीबाई उंबऱ्यात बसल्ती. तिला राम-सीतेचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"काल कुठं गेल्तं हे डोकं, दादा?"

मी तिच्याच हौदातून बादली भरून घेतली आणि पेटी धुतली.