बॅगेतला रेझर

प्रवासाला रेझर कोणता न्यावा, या विषयावर मी लग्नाची पंगत अडवून तासभर बोलू शकतो. आज सकाळीही आरशासमोर माझा दरबार भरला होता. एकीकडे स्टीलचा जाडजूड, पातं बदलायचा. त्याचा रुबाब मोठा, पण ब्रश, साबणाची वाटी, तुरटी असा सगळा लवाजमा सोबत मागतो. दुसरीकडे प्लॅस्टिकचा, दोनदा वापरून फेकायचा. बिचारा कुठल्याही कोपऱ्यात मावतो. मी दोघांना आळीपाळीने हातात घेत राहिलो. स्टील गार होतं की माझी बोटं, तेही कळेना.

गावी अण्णांसमोर, म्हणजे माझ्या वडिलांसमोर, दाढी वाढवून जायची सोय नव्हती. उंबऱ्यातच अडवायचे. "हे काय सुतकी तोंड घेऊन आलास? कोण गेलं? आधी दाढी कर, मग पाया पड." त्यामुळे माझ्या बॅगेत कपड्यांच्या आधी रेझर जायचा.

शेवटी स्टीलचाच ठरवला. तुरटी रुमालात बांधली.

बायको दारात उभी होती. "अहो," ती हळूच म्हणाली, "अण्णा गेलेत. दहा दिवस दाढी करायची नसते."

"हो की," मी म्हणालो. पहाटेचा फोन मीच घेतला होता.

रेझर फळीवर ठेवला आणि हनुवटीवरून हात फिरवला. कालचे खुंट बोटांना टोचले. आज पहिल्यांदाच मी तशा तोंडाने गावी निघणार होतो, आणि कोण गेलं, असं उंबऱ्यात कोणी विचारणार नव्हतं.