आक्कांची वाट आणि माझं सारवण

माझ्या नणंदेचं चार महिन्यांचं काम मी पाऊण तासात सपाट केलं. त्याला एक बादली शेण लागलं आणि माझी सगळी अक्कल लागली. त्यातलं शेण तरी चांगलं होतं.

नणंद म्हणजे आमच्या आक्का, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांना जन्मापासून दिसत नाही. पण पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाची शेळी कुणाच्या रानात शिरली, हे डोळेवाल्यांच्या आधी आक्कांना कळतं. लहानपणी त्या नगरला अंध मुलींच्या शाळेत होत्या, तिथं मातीकाम शिकल्या. प्लायवूडच्या फळीवर ओली माती थापायची, त्यात गव्हाचं भुसकट कालवायचं आणि बोटांनी, चमच्यानं, बाभळीच्या काट्यानं चित्र उठवायचं. ते चित्र बघायचं नसतं, त्यावर हात फिरवायचा असतो. मी मात्र चार महिने नुसती लांबून बघत होते. (इथंच सगळं चुकलं.)

तर नगरच्या एका मॅडमनी अंध कलाकारांचं प्रदर्शन ठरवलं. येणाऱ्या डोळस माणसांच्या डोळ्यांना पट्टी बांधायची आणि चित्रांवर हात फिरवायला लावायचं, असा बेत होता. आमच्या ह्यांना ते काही पटेना. ह्यांची पाथर्डीच्या रस्त्याला जीप चालते, त्यामुळे ह्यांना सगळ्या जगाचं कळतं.

"आयुष्यभर पोरांना वराडलो, हात लावू नको, हात लावू नको," हे म्हणाले. "आन् आता टेम्पो करून हात लावायला जायचं व्हय?"

"तू नको लावू," आक्का म्हणाल्या. "पन मला आजवर कुनी माझ्या नावानं बोलावलं न्हाई. याची बहीन, त्याची आत्या, एवढंच. हे पयलंच बोलावनं हाय."

त्या बोलावण्यासाठी आक्कांनी दाराएवढी फळी घेतली होती. चित्राचं नाव 'घर ते विहीर'. अंगण, निंबाचं झाड, बांध, दगडाचा उतार आणि शेवटी विहीर. मी जवळ गेले की म्हणायच्या, "पुरं झाल्यावर हात लाव." मीही लावला नाही. मी शब्दाची पक्की आहे.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी आक्का आणि हे पाथर्डीला गेले, आक्कांना नवी साडी घ्यायला. घरात मी एकटी. तेवढ्यात मॅडमचा फोन आला.

"ताई, फळी तयार आहे ना? उद्या खूप लोक हात फिरवतील. कुणाला काही टोचायला नको, तेवढं बघून घ्या हं."

मी जाऊन बघितलं. चित्र पुरं झालंय म्हणून हातही फिरवला, पण आपला वरवर, टोचतंय का ते बघायला. अहो, टोचतंय का काय विचारता! सगळीकडं भुसकट वर आलेलं, इथं उंचवटा, तिथं खड्डा, मधे खडे. मला आक्कांची दया आली. म्हटलं, बिचारीला दिसत नाही, तिला काय कळणार फळी किती खडबडीत झालीय. (हे वाक्य मी आजवर आक्कांना सांगितलेलं नाही.)

आता माझी एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या हातचं सारवण गावात नावाजलेलं आहे. लग्नाच्या मांडवाखाली सारवायचं असलं की मला बोलावणं येतं. एक कोपरा सुटत नाही माझ्या हातून, असं मीच सगळ्यांना सांगत असते. पण आमच्या घरात फरशी बसली, अंगण तेवढं उरलं, आणि माझे हात शिवशिवत होते. मी पदर खोचला, ताजं शेण आणलं, माती कालवली आणि बसले फळीवर. निंब सारवला, बांध सारवला, उतारावर दोन हात जास्त मारले. विहिरीचा खड्डा तर इतका खोल की तीन लपके लागले. कडेनं रांगोळीची रेघही ओढणार होते, पण रांगोळी संपली होती, देवाची कृपा.

दुपारी आक्का आल्या. उंबऱ्यातच थांबल्या.

"सुमन, घरात शेनाचा वास कसा?"

"तुमची फळी सारवली, आक्का," मी कौतुकानं म्हणाले. "बघा कशी गुळगुळीत लागती हाताला."

आक्कांनी साडीची पिशवी खाली ठेवली आणि फळीवर हात टेकवला. हात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, बादलीकडं बघितलं, आणि जीपची हवा तपासायची राहिलीय असं म्हणून निघून गेले.

"निंब कुठंय?" आक्कांनी विचारलं.

"आत हाय."

"आन् हीर?"

"ती पन आतच हाय, आक्का."

आक्का भिंतीला टेकून बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी रडायला लागले.

"चार शिव्या द्या, पन बोला कायतरी."

"शिव्या मागून देते. आदी कोमट पानी आन, जुनं धोतर आन. आन् रडू नको, माझा हात चुकतो."

नशीब असं, की खालची माती चांगली वाळली होती. वरचं ओलं सारवण आक्का चमच्यानं हलकेच उचलू लागल्या आणि ते दुधावरच्या सायीसारखं निघायला लागलं. निंब निघाला. बांध निघाला. मी पाणी बदलत होते, नाक पुसत होते. विहिरीपाशी आल्यावर त्यांनी माझा हात ओढला.

"हितं तू काढ. डोळे झाक."

मी डोळे मिटले. बोटांना विहिरीचा काठ लागला, आणि काठावर दोन घागरी. एक मोठी. एक लहान, तिचा काठ चेपलेला.

ती घागर माझी होती. मी श्रीगोंद्याकडची, उसातली, दारापुढून पाट वाहायचा. लग्न होऊन इथं आले आणि विहिरीवरून पाणी आणायचं म्हटल्यावर पहिल्याच दिवशी त्या उतारावर घागर आदळली. दुसऱ्या दिवसापासून आक्का माझ्याबरोबर यायला लागल्या. "हितं दगड हाय, डाव्या अंगाला पाय टाक. हितून निंबाची सावली लागंल." महिनाभर त्यांनी मला हाताला धरून नेलं. दोन डोळ्यांच्या बाईला वाट त्यांनी दाखवली, आणि त्याच वाटेवर मी शेण ओतलं.

"आक्का," मी म्हणाले, "तवा तुमी नसत्या, तर मी पयल्याच महिन्यात श्रीगोंद्याची एसटी धरली असती."

"मंग आज माझी फळी वाचली असती," आक्का म्हणाल्या. आणि माझ्या डोक्यावर शेणाचाच हात ठेवला. मी तो पुसला नाही. त्या बाईचे उपकार माझ्यावर इतके आहेत, की तेवढं शेण काहीच नाही.

राहिलं अंगण. तिथं आक्कांचा हात थांबला. माझ्या सारवणाच्या कमानी त्यांनी एकेक करून चाचपल्या.

"हे राहू दे. अंगन मला जमतच नव्हतं. चार येळा केलं, चार येळा मोडलं. अंगन तुझ्याच हाताचं पायजे."

प्रदर्शनात फळीखाली आक्कांचं पूर्ण नाव लागलं, साध्या अक्षरात आणि ब्रेलमध्येही. आक्कांनी त्यावर इतक्यांदा बोट फिरवलं की मॅडम म्हणाल्या, "ठिपके झिजतील हो." आणि खाली आक्कांनीच सांगून लिहून घेतलं होतं: 'अंगण - भावजय सुमन'. मी दिवसभर त्या चिठ्ठीशेजारून हलले नाही. जेवायलासुद्धा गेले नाही.

दुपारी पांढरी काठी घेऊन एक अंध गुरुजी आले. विहिरीवरून सुरुवात करून ते उलटे घराकडं आले आणि अंगणावर थांबले. मी पदर सारखा केला.

"वा," गुरुजी म्हणाले. "बाईचा हात सराईत आहे. एका दमात सारवलंय."

मी आक्कांना कोपरानं ढोसलं. गुरुजींचं बोट सरकत सरकत फळीच्या कडेला गेलं आणि तिथं घुटमळलं.

"हा कोपरा मात्र राहिलाय."

"वीस वर्सं झाली, घरचं अंगन सारवलं तरी त्योच ऱ्हातो," आक्का म्हणाल्या. "पन बोलायचं कसं गुरुजी? बिचारीला दिसत न्हाई."