डावखुरा राजा

लहानपणी पाहिलेला राजाचा सिनेमा आता नव्याने काढलाय. काल नातीने तो टीव्हीवर लावला. गाणी जास्त, घोडे कमी. त्यात राजाची तलवार उजव्या हातात. मी तिला चिडवत म्हणाले, "हा नकली. आमचा डावखुरा होता."

देहूरोडच्या सिनेमाच्या तंबूत पुरुष पडद्यासमोर आणि आम्ही बायका पडद्यामागे, गार मातीवर बसायचो. डाव्या हाताने खाते म्हणून आई मला रोज मारायची. राजाच्या सिनेमालाही शेंगा खाताना फटका बसला. तेवढ्यात राजाने डाव्या हाताने तलवार उपसली.

"आये, राजा बी डावखुराच हाय की!"

आई हसली. "मग खा बाई तशीच."

पुन्हा तिने मारलं नाही. पडद्यामागून चित्र उलटं, उजवं ते डावं दिसतं, हे मला लग्नानंतर कळलं. तोवर माझी डाव्या हाताने थापलेली भाकरी टम्म फुगत होती.