हेस्टरचे रविवार

स्केगनेसच्या किनाऱ्याकडे हवा खायला जाणारी माणसं लिंकनशरच्या आमच्या टेकड्यांवरूनच जातात, पण मोटार कुणी थांबवत नाही. थांबावं असं इथं आहे तरी काय? गवत, वारा, मेंढ्या आणि एक बुटकं चर्च. हेस्टर डाऊसचा जन्म पहिल्या तिन्हींत गेला. चौथ्याशी तिचं पटत नाही, असं गाव म्हणायचं. गावाचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

मेंढपाळ खरा तिचा नवरा, वॉल्टर. ऐन उमेदीत तो गवताच्या गंजीवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. मालकाने त्याची काठी हेस्टरच्या हाती दिली. तेव्हापासून दर रविवारी शेजारी वॉल्टरला ढकलगाडीत बसवून चर्चला नेत आणि हेस्टर वरच्या रानात असे. मेंढ्यांना रविवार कळत नाही.

"देवाला तोंड दाखवायची लाज वाटते का गं?" शेजारीण इडिथ ग्रमिट कुंपणापलीकडून विचारायची. इडिथचा नवरा चर्चची घंटा वाजवायचा. गावातल्या मेलेल्यांना आंघोळ घालणारी तीच आणि जन्मात एक रविवार न चुकवलेलीही तीच.

"तोंड धुवायला सवड मिळाली की दाखवीन," हेस्टर म्हणायची.

वॉल्टर गेला तेव्हा इडिथने त्याच्या मुठीत लोकरीचा पुंजका ठेवला. आमच्याकडे मेंढपाळाला तसाच पुरतात. वर देवाने विचारलं, 'बाबा, रविवारी कुठं असायचास?' की त्याने मूठ उघडायची. देव काय ते समजतो.

हेस्टर पुढं झाली आणि तिने पुंजका काढून घेतला.

"अगं, काय करतेस हे!"

"पडल्यापासून त्याचा एकही रविवार चुकला नाही, इडिथ. मेल्यावर त्याला खोटं बोलायला लावू नकोस." मग खालच्या आवाजात ती म्हणाली, "चुकले ते माझे. मी मेल्यावर माझ्या हातात ठेवशील?"

"बायकांच्या हातात नाही ठेवत."

"का?"

"नसतात ठेवत, झालं!"

हेस्टरने पुंजका शेगडीत टाकला आणि नवऱ्याला पुरून आल्यावर ती कोट चढवून रानात गेली. मला विचाराल तर त्या दिवशी साऱ्या गावाने मान खाली घालायला हवी होती. घातली नाही कुणी.

पुढं कित्येक वर्षांनी, मार्चमध्ये, मेंढ्या व्यायच्या ऐन दिवसांत हेस्टरची छाती कफाने भरली. शेजारधर्म म्हणून इडिथ तिला चमच्याने चहा पाजत बसली.

"देवाला काय दाखवू गं मी?" हेस्टरने विचारलं. ती खरोखरच घाबरली होती. इडिथने चहाचा चमचा पुढं केला. शनिवारी तिन्हीसांजेला हेस्टर गेली.

रविवारी सकाळी इडिथने तिला न्हाऊ घातलं आणि चर्चला जायची टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली. तेवढ्यात वरच्या रानातून मेंढीचं ओरडणं आलं. अडली होती. नवा मेंढपाळ अजून यायचा होता.

"इडिथ, चल की! घंटेची वेळ झाली," नवऱ्याने रस्त्यावरून हाक मारली.

"तू हो पुढं," इडिथ म्हणाली आणि टोपीसकट टेकडी चढू लागली.

काळ्या झग्याच्या बाह्या सारून तिने मेंढीच्या पोटातला कोकराचा पाय सरळ केला, ओढला. कोकरू बाहेर पडलं, शिंकलं. इडिथ तिथंच चिखलात बसली. खालून वाऱ्यावर प्रार्थनेची गाणी येत होती. शब्दन् शब्द ऐकू येत होता. म्हणजे हेस्टरने इतकी वर्षं इथं उभं राहून सगळं ऐकलं होतं. एकटीने, वाऱ्यात. आणि आपण कुंपणापलीकडून तिला टोचत राहिलो. इडिथला रडू आवरेना.

उठताना तिने मेंढीच्या पाठीवरची लोकर उपटली.

दुपारी पाद्री आले तेव्हा हेस्टरची मूठ मिटलेली होती आणि बोटांतून लोकर दिसत होती. त्यांनी इडिथकडे पाहिलं.

"बायकांना ठेवत नाहीत ना?"

"मेंढपाळाला ठेवतात, पाद्रीसाहेब," ती म्हणाली.

पाद्रींनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. इडिथने खिशात हात घातला. आणखी एक पुंजका तिथं होता, अगदी एवढासा. एका रविवारपुरता.