शेवटच्या धारा

माझ्या मायच्या दुधाला फॅट लागत नाही, हे आमच्या अख्ख्या गावाला माहीत होतं. राजुऱ्याच्या पुढे, रस्त्याला लागून आमचं गाव. सकाळी संकलन केंद्रावर बाया किटल्या घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. केंद्रावरचा माणूस थोडं दूध मशीनमध्ये तपासायचा आणि आकडा खड्या आवाजात वाचायचा, शाळेत नापासांची नावं वाचतात तसा. जेवढी फॅट तेवढा भाव. मायचा आकडा सगळ्यांत कमी.

एका दिवाळीच्या सुट्टीत मीही सोबत गेले होते. केंद्रावरच्या माणसाने सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, पाणी तं नाई टाकून राह्यली ना?"

"पाणी टाकाले आधी नळ तं येऊ दे भाऊ," माय म्हणाली. बाया हसल्या, मायही हसली. पण रोज सकाळी बुद्धाच्या फोटोपुढे पंचशील म्हणणारी बाई ती. लबाडीचा आळ तिला किती लागला ते घरी आल्यावर कळलं. घासलेली किटली ती पुन्हा पुन्हा घासत बसली.

पाणी नव्हतंच. मायचं माहेर अहेरीकडच्या जंगलातलं. शेजारी सगळी गोंडांची घरं, आणि तिच्या लहानपणी ती माणसं गाईची धारच काढत नसत. गाईला दूध येतं ते वासरासाठी, माणसाचा त्यात काय संबंध? सासरी आल्यावर मायला धार काढावी लागली, पण तिने आपल्यापुरती तोड काढली. आधीचं दूध घराचं, शेवटच्या धारा वासराच्या. कास रिकामी व्हायच्या आत ती हात थांबवायची, वासराचं दावं सोडायची, आणि ते ढुशा देत प्यायला लागलं की तिथेच बसून राहायची. त्या वेळी हाक मारली तरी तिला ऐकू यायचं नाही.

त्याच सुट्टीत केंद्राने सांगून टाकलं की यापुढे फॅट कमी लागली तर दूध परत. दूध गेलं नाही तर गाईला सरकीची ढेप कशातून आणायची, आणि ढेपेवाचून गाय ठेवायची कशी? एकच तर गाय होती आमची.

मी चंद्रपूरला शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हाही शिकवायचे. खरी फॅट शेवटच्या धारांत असते, पहिलं दूध पातळ. म्हणजे आमची माय लोणी वासराला देऊन ताक केंद्रावर नेत होती! मी कागदावर कास काढून तिला समजावलं. "आधी वासराले पाजव, मंग बांधून ठेव, अन् शेवटचं तू काढ. सोपं हाय."

"एवढं शिकली, ते वासराच्या तोंडचं काढाले," ती म्हणाली. पण केलं तिने. गाय जाऊ नये म्हणून केलं.

दुसऱ्या दिवसापासून आकडा चढला. केंद्रावरच्याने दूध दोनदा तपासलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. गोठ्यात काय चाललंय ते मी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. ऐन पान्ह्यात वासराला ओढून बांधावं लागायचं. ते दावं ताणून हंबरायचं, आणि गाय मान वळवून मायकडे बघायची. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी मायने जुन्या रीतीने धार काढली. दूध परत आलं. भरली किटली घेऊन ती गल्लीत घरोघर फिरली. "घ्या वं, आज फॅट कोणी नाई पाहात." मी तिच्यावर चिडले. काऊन केलं असं, म्हणून विचारलं.

"गाय माह्याकडे पाहे," ती म्हणाली.

महिन्याभरात गाय वासरासकट सिरोंच्याकडच्या एका घरी गेली.

आता माय माझ्याजवळ चंद्रपूरला राहते. खोटं कशाला बोलू, मला त्या गोठ्याची फार आठवण येते. शेणाचा ऊबदार वास, रिकाम्या किटलीत पहिली धार वाजायची तो आवाज. गाईची येते, पण वासराशेजारी बसलेल्या मायची जास्त येते. इथे ती तशी कुठेच बसत नाही. ते आठ दिवस मला परत हवेत, आणि या वेळी मी तोंड उघडणार नाही.

मागच्या महिन्यात तिला मोठ्या दुकानात घेऊन गेले. दुधाच्या फ्रीजसमोर ती थांबली आणि नेमका सगळ्यांत महाग डबा उचलला. मी भाव सांगितला. तिला केंद्रावर मिळायचा त्याच्या दुपटीहून जास्त.

"एवढं काय हाय वं याच्यात? काय लिवलं हाय?"

मी वाचलं. गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

"फॅट कमी, असं लिवलं हाय. मुद्दाम काढून टाकतेत, माय. इथल्या लोकांले तसंच पाहिजे."

तिने डबा हातात फिरवून फिरवून पाहिला.

"मंग आपली गाय काऊन गेली?"

मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, जरा सरका." मी सरकले. माय सरकली नाही.