नाव तेवढं सोडून
व्हाइटबोर्डच्या मार्करचा वास आला की लातूरची ती खोली आठवते आणि मला जागेवर बसवत नाही. मी नांदेडहून तिथे मोबाइल गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत गेलो होतो. गेम बनवताना कामाच्या ठरलेल्या पद्धती कितपत पाळतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. बोर्डवर गेममधल्या चुकांची यादी होती आणि जवळपास प्रत्येकीपुढे ‘दुरुस्त’ची हिरवी खूण. मालक चहा सांगायला बाहेर गेले, तशी गेम तपासणारी बाई हळूच म्हणाली, “सर, ह्या खुणा खोट्या हायत. मी तपासायच्या आधीच हिरवं करून राहिलेत. पण माझं नाव लिहू नका, लई मुश्किलीनं मिळालीय ही नोकरी.” “नाव येणारच न्हाई, ताई,” मी म्हणालो. “बघा हां, मास्तर लोक लिहायला बसले की थांबत न्हाईत,” ती हसली. नाव मी खरंच लिहिलं नाही. फक्त रीतीप्रमाणे माहिती देणाऱ्यांचा तक्ता जोडला: स्त्री, टेस्टर, अनुभव दोन वर्षं, आणि मूळ गाव. त्या कंपनीत बाई एकच होती. त्या खोट्या खुणांवरचा शोधनिबंध छापून आला, तेव्हा मोठ्या हौसेनं मीच तो मालकांना पाठवला. आठवड्यानं तिचा फोन आला. “सर, मला काढलं. नाव तेवढं सोडून सगळं लिहिलं की तुम्ही.” एवढं बोलून तिनं फोन ठेवला. आज मी विद्यार्थ्यांचे असे तक्ते चार-चारदा तपासतो, ते वैतागतात. आणि हे लिहितानाही तिचं मूळ गाव हातून दोनदा लिहिलं गेलं, दोनदा खोडलं.