आठव्या दिवसाचे दोन इंच

आमचे हे शिंपी. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून चारचौघांत मीही मास्तरच म्हणते. दुकान खाली, घर वर, मधे चौदा पायऱ्या. मापं घेणं आणि कापड बेतणं त्यांच्याकडे, काजं-बटणं आणि तुरपाई माझ्याकडे. तीस वर्षांत त्यांनी किती कमरांना पट्टी लावली असेल देव जाणे, पण स्वतःच्या कमरेला एकदाही नाही. स्वतःची विजार ते अंदाजाने शिवत आणि दर वर्षी अंदाज थोडा वाढवत.

माप देताना माणूस खोटं बोलतो, हे त्यांचं लाडकं वाक्य. पट्टी कमरेशी आली की भलेभले श्वास रोखून पोट आत घेतात. मास्तर टोकत नाहीत. गिऱ्हाइकाला आकडा ऐकवतात तो त्याच्या मनासारखा आणि वहीत लिहितात त्यात गुपचूप दीड इंच मिळवून. गिऱ्हाईक खूश, विजारही बसते. लोकांची मनं इतकी ओळखणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र अगदी ठार आंधळा.

आणि खरोखरच आंधळा व्हायची वेळ आली. सुईत दोरा ओवताना दोरा दोनदा बाजूने गेला, तेव्हा मी त्यांना ओढत दवाखान्यात नेलं. रक्तात साखर भरपूर निघाली. डॉक्टरीणबाईंनी डोळे आतून तपासून घ्यायला लावले, तर पडद्यावर बारीक ठिपके. "तीन महिने देते," त्या म्हणाल्या. "रोज चाला, गोड सोडा, पोट कमी करा. साखर खाली आली नाही, तर डोळ्यांचं मी काही सांगू शकत नाही." मग सिस्टरने कंबर मोजली. बेचाळीस. तीस वर्षं दुसऱ्यांना मोजणारे मास्तर पहिल्यांदाच मोजले जात होते. चेहरा असा, जणू भर रस्त्यात कोणी विजार उतरवली आहे.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच त्यांनी जाहीर केलं, "माझ्याच्यानं व्हायचं नाही. आमच्या घराण्यात सगळे असेच."

मला त्याचं नवल वाटलं नाही. ह्यांनी यापूर्वी चार वेळा चालायला सुरुवात केली होती आणि चारही वेळा चौथ्या दिवशी चालणं सोडलं होतं. पहिल्या दिवशी असे चालत, की जणू गावच बदलायचं आहे. दुसऱ्या दिवशी पाय उचलत नसत, तिसऱ्या दिवशी कारण सापडे, आणि चौथ्या दिवशी म्हणत, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" लोक त्यांना आळशी म्हणत. ते खोटं आहे. हा माणूस दहा-दहा तास मशीन मारतो. आपल्याला जमणार नाही यावर त्यांचा गाढ विश्वास होता, एवढंच, आणि तो खरा ठरवायला ते मनापासून मेहनत घेत.

या वेळी डोळ्यांच्या धाकाने सात दिवस ढकलले. मी मागे लागत होते, ते मला शिव्या देत होते. आठव्या दिवशी सकाळी दुकानातून आरोळी आली, "अगं ए! खाली ये! आधी खाली ये!"

मला वाटलं, चक्कर आली. चौदा पायऱ्या मी चार ढांगांत उतरले. मास्तर कापायच्या टेबलापाशी उभे, कमरेला पट्टी. "वाच," म्हणाले. मी वाचलं. चाळीस.

"श्वास सोडा आधी."

"सोडलाय! घे, तूच लाव." मी स्वतः पट्टी लावली. चाळीसच. आठ दिवसांत दोन इंच! त्या दिवशी ह्यांना आभाळ ठेंगणं झालं.

आणि माणूसच बदलला. चहात तीन चमचे साखर घालणारा आता माझ्याच कपाकडे तुच्छतेने बघू लागला. सहाला गजर झाला की माझ्याआधी उठायचे. एकदा पावसामुळे चालणं चुकलं. मी मनात म्हटलं, झालं, संपलं. तर हे चौदा पायऱ्या वीस वेळा चढले-उतरले. गिऱ्हाइकांना तर नकोसं करून सोडलं. माणूस शर्ट शिवायला यायचा आणि पोटावर व्याख्यान ऐकून जायचा. "मला जमलं, तर तुम्हाला का नाही?" असं दिवसातून दहा वेळा. माझं डोकं उठायचं, पण कानाला गोड लागायचं.

चौथ्या आठवड्यात वकीलबाई भांडायला आल्या. त्यांच्या कार्यालयाचे सहा पडदे आम्ही शिवून दिले होते. मापं त्यांच्या सुताराने घेऊन चिठ्ठीवर पाठवली होती: लांबी चौऱ्याऐंशी इंच. पडदे चार इंच जमिनीवर लोळत होते. मास्तर संध्याकाळच्या जादा फेरीला गेले होते. बाईंनी सुताराचा लोखंडी टेप आणलाच होता. मी तो टेबलावर पसरला आणि आमची पट्टी शेजारी ठेवली.

आमचे साठ तिथे जवळजवळ त्रेसष्ट भरत होते, म्हणजे चौऱ्याऐंशीचे अठ्ठ्याऐंशी.

ही पट्टी ह्यांच्या उस्तादांची. कापडी, कडा झिजलेल्या, आकडे निम्मे पुसलेले. तीस वर्षं ओढून ओढून ती सैल झाली होती. कोणाची तक्रार कशी आली नाही? कशी येणार? माणूसही तिनेच मोजायचा आणि कापडही तिनेच, मग कपडा बरोबरच बसणार. बाहेरचं माप पहिल्यांदाच दुकानात आलं होतं.

मग मला ह्यांची कंबर आठवली. हिच्यावरचे चाळीस म्हणजे खरे बेचाळीस. आठव्या दिवशी ह्यांचं पोट एका दोऱ्याइतकंसुद्धा कमी झालं नव्हतं.

तेवढ्यात रस्त्यावरून शीळ ऐकू आली. मास्तर परत येत होते. आमच्या संसारात मी त्यांच्यापासून काही लपवलेलं नाही, पण ती शीळ मी पाच-सहा वर्षांत ऐकली नव्हती. मी वकीलबाईंना म्हटलं, "माझी चूक झाली हो. दुमडीसाठी जास्त कापड धरलं मी. उद्या करून देते."

हे आले, त्यांनी ऐकलं, आणि मला तासभर सुनावलं. "मापात चूक करायची नाही गं! शिंप्याची सगळी इज्जत मापात असते." मी मान खाली घालून सहाही पडदे पुन्हा दुमडले. हसू आवरत नव्हतं आणि रडूही. पुढे चिठ्ठीवरचं काम आलं, की मी गुपचूप आणून लपवलेल्या लोखंडी टेपने आधी खूण करून ठेवायचे.

तीन महिन्यांनी दवाखाना. साखर खाली आली होती, ठिपके वाढले नव्हते. डॉक्टरीणबाई खूश. सिस्टरने कंबर मोजली, "एकोणचाळीस. वा, मास्तर!"

"सदतीस," मास्तर म्हणाले.

"एकोणचाळीस आहे, काका."

"सिस्टर, हे माझं रोजचं काम आहे. तुमची पट्टी चुकतेय." आणि त्यांनी खिशातून उस्तादांची पट्टी काढली. मी मधे पडायच्या आत दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी पडल्या. मास्तर वाकून बघत राहिले.

रस्त्यात त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो. पडद्यांपासून."

"म्हणजे त्या आठव्या दिवशी..."

"काहीच कमी झालं नव्हतं. पण कमी झालंय असं वाटलं म्हणून तुम्ही चाललात, आणि चाललात म्हणून खरे तीन इंच कमी झाले. ते काय पट्टीनं केलं?"

"फसवलं म्हणून चाललो. म्हणजे मी काहीच केलं नाही," ते म्हणाले, आणि मला मागे टाकून झपाझप पुढे निघून गेले. संध्याकाळी एकटेच कुठेतरी जाऊन आले. मला त्यांच्या रागाची भीती नव्हती. हे आता कायमचं करायचं आहे, असं डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं होतं. आता पुन्हा ते घराणं, पुन्हा ते माझ्याच्यानं व्हायचं नाही, आणि मग ते ठिपके. चूक माझीच, असं मला वाटत राहिलं.

सकाळी सहाला गजर झाला. त्यांनी तो बंद केला. मी डोळे मिटून पडून राहिले. बूट वाजले नाहीत, दार वाजलं नाही. संपलं, मी म्हटलं. एवढ्यात माझ्या कमरेला काहीतरी गार लागलं.

"चव्वेचाळीस," मास्तर म्हणाले.

मी ताडकन उठून बसले. त्यांच्या हातात पिवळीधमक नवी पट्टी होती.

"कालच आणली. दुकानदाराच्या लोखंडी टेपला लावून बघूनच घेतली," ते म्हणाले. "तीन महिने माझ्या वाटणीची बिस्किटं कुठे गेली तेही कळलं."

"अहो, पण..."

"तू मला खोटं सांगून चालवलंस. मी तुला खरं सांगून चालवतो. बघू कोणाला जमतं. ऊठ, चपला घाल."

मी भयंकर रागावून उठले. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी रागावले नव्हते.